जुन्या गाडीसाठी स्वस्त ब्लूटूथ टेप: वॅट नंतर, माइक आधी

अल्टो, सँट्रो, इंडिका, जुनी वॅगन आर अशा गाडीत नवा टेप बसवायला गेलं की दुकानदार आधी आवाज मोठा करून दाखवतो. बेस घुमतो, दिवे रंग बदलतात आणि खरेदी होऊन जाते. दोन दिवसांनी घरून फोन येतो, बटण दाबून उचलला जातो आणि पलीकडून पहिलाच प्रश्न येतो, ‘विहिरीतून बोलताय का?’ गाण्यासाठी चांगला टेप आणि फोनसाठी चांगला टेप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोनवर बोलायचं असेल तर आपल्याला काय ऐकू येतं यापेक्षा पलीकडच्या माणसाला काय ऐकू जातं ते महत्त्वाचं, आणि ते दुकानात कुणी तपासत नाही.

फोन कानाला लावून गाडी चालवायची सवय मोडायलाच हवी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये हातात फोन धरून गाडी चालवणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलेलं आहे. पण टेपचा आवाज नीट जात नाही म्हणून माणूस पुन्हा फोन हातात घेणार असेल, तर त्या खर्चाला अर्थ उरत नाही.

सध्या बाजारात कमी पैशात तीन प्रकार मिळतात. पहिला, हजार ते दीड हजारांतला बिनब्रँडचा डेक, म्हणजे टेपच. यूएसबी, मेमरी कार्ड, एफएम, ब्लूटूथ सगळं असतं, आणि फोनच्या यादीत तो बहुतेक वेळा ‘कार-बीटी’ अशा नावाने दिसतो. गाणी बऱ्यापैकी वाजतात. कॉलिंगला मात्र तो कच्चा. पुढच्या पट्टीकडे नीट बघा: बटणांच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं आणि शेजारी बारीक अक्षरात माइक असं लिहिलेलं असतं. त्या भोकामागे वाटाण्याएवढी माइकची गोळी थेट प्लॅस्टिकला टेकलेली असते. टेपची जागा गिअरच्या वर, गुडघ्याच्या उंचीला. म्हणजे तोंडापासून दोन-सव्वादोन फूट लांब, वर एसीच्या जाळ्या, खाली गिअरची खडखड, आणि दोन्ही बाजूंना दारातले स्पीकर. स्पीकरमधून येणारा समोरच्याचा आवाज हाच माइक पकडतो आणि परत पाठवतो, म्हणून त्याला स्वतःचंच बोलणं अर्ध्या सेकंदाने ऐकू येतं. हा प्रतिध्वनी कापायला सॉफ्टवेअर लागतं, आणि स्वस्त चिपमध्ये ते असलं तरी नावापुरतं असतं. गाडी थांबवून ‘पोचतोय, पाच मिनिटं’ एवढंच बोलायचं असेल तर हा डेक पुरतो. दिवसभर ऑर्डरी घेणाऱ्या सेल्समनने किंवा भाड्याची गाडी चालवणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये.

दुसरा प्रकार म्हणजे सोनी, पायोनियर, जेव्हीसी, केनवूड यांचे सीडी नसलेले, एका डिनचे, म्हणजे डॅशबोर्डच्या एका ठरलेल्या मापाच्या खाचेत बसणारे ब्लूटूथ डेक. पाच ते आठ हजारांच्या आसपास. यांतल्या काही मॉडेलांसोबत लांब वायरचा सुटा माइक खोक्यातच येतो, काहींना माइक पट्टीतच असतो, तर काहींना मागे नुसतं सॉकेट असतं आणि माइक वेगळा घ्यावा लागतो. एकाच कंपनीत वेगवेगळ्या तऱ्हा सापडतात, त्यामुळे ब्रँड ठरवून भागत नाही. खोकं उघडायला लावा आणि वायरचं वेटोळं हातात घेऊन बघा. कॉलचा आवाज गाण्याच्या आवाजापासून वेगळा ठेवता येणं, माइकची पातळी कमी-जास्त करता येणं, प्रतिध्वनी आणि गोंगाट कापण्याची सोय असणं, या तीन गोष्टी मेन्यूत असतील तर पैसे वसूल. आमचं मत स्पष्ट आहे: रोज फोन येणाऱ्यासाठी हाच प्रकार.

तिसरा, नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन. किंमत साधारण तेवढीच, दिसायला भारी. पण एक जीबी रॅमचा संच थंड गाडीत चालू व्हायला अर्धा मिनिट घेतो, तेवढ्यात आलेला कॉल फोनवरच उचलावा लागतो. सेटिंगमध्ये दिसणारी अँड्रॉइडची आवृत्ती आणि रॅमचा आकडा पुष्कळदा वाढवून लिहिलेला असतो, त्यावर विसंबू नका. नकाशा आणि मागचा कॅमेरा हवाच असेल तर किमान दोन जीबीचा आणि मागे माइकचं सॉकेट असलेला घ्या. फक्त कॉलसाठी स्क्रीन घेणं व्यर्थ.

मूळ टेप चांगला असेल आणि त्याला बाहेरचा आवाज आत घेणारी ऑक्सची खाच असेल तर माइक असलेला छोटा ब्लूटूथ रिसीव्हर सगळ्यांत स्वस्त पडतो. लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा एफएम ट्रान्समीटर मात्र मुंबई-पुण्यात डोकेदुखी ठरतो. रिकामी फ्रिक्वेन्सी सापडत नाही, सापडली तरी दहा किलोमीटरवर दुसरं स्टेशन तिच्यावर चढतं.

वॅटबद्दल. खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ छापलेलं असतं. हा आकडा हवेतून आलेला नाही, पण उपयोगाचाही नाही. इंजिन चालू असताना गाडीचा व्होल्टेज १४.४ धरा, स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग भागिले ४, उत्तर येतं जवळपास ५२. म्हणजे आवाजाची लहर पूर्ण फाटून चौकोनी झाली तरच एवढी ताकद निघते. स्वच्छ आवाजाची वरची मर्यादा याच्या निम्मी, २६ वॅट, आणि प्रत्यक्षात चांगला डेक चॅनेलमागे, म्हणजे एका स्पीकरमागे, १५ ते २० वॅट देतो. कारखान्यातून आलेल्या साध्या स्पीकरांना तेवढे पुरतात. दीड हजारांच्या डेकवरही तोच ५० चा आकडा असतो, म्हणून दोन डेक दोन हातांत घेऊन वजन करा. मागे उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा जाड हीटसिंक असलेला डेक हाताला लगेच जड लागतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात बंद गाडीत हलक्या डेकची आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, तापून आवाज तुटायला लागतो, तेव्हा हा फरक कळतो.

दुकानात तपासणी अशी करा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, टेबलावर लावलेला डेक आणि शांत दुकान यावरून काहीच कळत नाही. स्वतःच्या गाडीत तात्पुरता जोडून मागा. काचा वर, एसीचा पंखा तीनवर, इंजिन चालू. आता घरच्या कुणाला तरी कॉल लावा आणि त्यांनी मध्येच बोलावं, दोघांनी एकदम बोलावं, असं दोन मिनिटं करा. दोघं एकदम बोलताना आवाज तुटत असेल तर प्रतिध्वनी कापणारं सॉफ्टवेअर कमकुवत आहे. समोरच्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येत असेल तर आधी टेपचा आवाज चार-पाच पायऱ्या खाली आणा. तरीही येत असेल तर तो डेक परत करा. गाडी साठच्या वेगाने पळवून आणखी एकदा बोलायला मिळालं तर उत्तम, कारण टायरचा आवाज थांबलेल्या गाडीत नसतो.

जागेचं माप डेक घेण्याआधीच बघून ठेवा. एका डिनची खाच १८० बाय ५० मिलिमीटर, दोन डिनची १८० बाय १००. जुन्या स्विफ्टसारख्या काही गाड्यांत मूळ टेप डॅशबोर्डच्या आकारातच घडवलेला असतो, तिथे वेगळी फ्रेम लागते. ती मिळतेय याची खात्री करूनच डेकचे पैसे द्या.

माइक कुठे लावायचा याला पाच मिनिटं जास्त द्या, कारण सगळा खेळ इथे आहे. ड्रायव्हरसमोरच्या सनव्हायझरच्या बिजागरीजवळ, छताच्या कडेला किंवा पुढच्या काचेच्या कडेच्या खांबाच्या वरच्या भागात लावा. तोंडापासून एक-दीड फूट, भोक तोंडाकडे. काचेच्या खाली डॅशबोर्डवर ठेवला तर काचेवरून परतलेला आवाज मिसळतो आणि काचेवरचं धुकं घालवणाऱ्या डीफॉगरची हवा थेट त्यावर येते. स्टिअरिंगच्या मागे लावला तर हात आडवा येतो. वायर खांबाच्या रबरी बिडिंगखाली दाबत खाली आणा. खांबात एअरबॅग असेल तर वायर तिच्यावरून आडवी नेऊ नका, नाहीतर एअरबॅग उघडताना वायर मध्ये येईल. माइकची वायर जाड पॉवर वायरींच्या जुडग्यासोबत बांधली की इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी समोरच्याला ऐकू जाते. फोमची टोपी आली असेल तर काढून टाकू नका, एसीच्या झुळकेचा फुरफुराट तीच अडवते.

वायरिंगमध्ये एक आग्रह धरा: गाडीची मूळ वायर कापू द्यायची नाही. तुमच्या मॉडेलचा कपलर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, एक बाजू गाडीच्या सॉकेटात, दुसरी डेकला. इलेक्ट्रिशियन ‘पाच मिनिटांत जोडतो’ म्हणत वायर सोलतो आणि इन्सुलेशन टेप गुंडाळतो. उन्हाळ्यात त्या टेपचा गोंद वितळून ती सुटते.

डेकच्या वायरींच्या रंगांचा अर्थ बहुतेक ठरलेला आहे. पिवळी वायर बॅटरीचा कायमचा पुरवठा, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवण्यासाठी. लाल चावीवरचा. काळी अर्थिंग. निळी अँटेना किंवा ॲम्प्लिफायरसाठी, ती वापरात नसेल तर टोक झाकून ठेवा, पत्र्याला लागू देऊ नका. नारिंगी पार्किंग लाइटसोबत डेकचा उजेड मंद करते. काही गाड्यांच्या सॉकेटात पिवळ्या आणि लाल वायरीच्या जागा उलट असतात. चावी काढली की घड्याळ शून्यावर येतं आणि जुळवलेली स्टेशनं जातात, हे त्याचंच लक्षण. बऱ्याच डेकच्या हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, या दोन वायरींवर गोळीसारखे छोटे जोड असतात, ते अदलाबदल करून लावले की काम झालं. यावर पळवाट म्हणून दोन्ही वायरी थेट बॅटरीला जोडणारेही भेटतात. मग चावी काढूनही डेक पूर्ण झोपत नाही. समजा तो २०० मिलिअँपिअर ओढत राहिला, तर दिवसाला ४.८ अँपिअर-तास गेले. अल्टोची ३५ अँपिअर-तासाची बॅटरी हिशेबाने आठवड्यात रिकामी, आणि स्टार्टर त्याच्या कितीतरी आधी हात टेकतो. गावाला गेलेल्या माणसाला परतल्यावर धक्का मारावा लागतो तो यामुळे.

आणखी एक चूक डेकच जाळते. स्पीकरच्या वायरी चार रंगांत येतात: पांढरी पुढची डावी, राखाडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी. काळी पट्टी असलेली त्या त्या स्पीकरची उणे बाजू. ही उणे बाजू म्हणजे अर्थिंग नव्हे. आजच्या डेकमध्ये दोन्ही वायरींवर ॲम्प्लिफायर काम करतो. खूप जुन्या गाड्यांत मात्र स्पीकरचं एक टोक थेट पत्र्याला दिलेलं असतं. अशा गाडीत जुनीच वायरिंग ठेवून नवा डेक जोडला की आयसी गेली. प्रत्येक स्पीकरला दोन वायरी नव्याने ओढा, दुसरा उपाय नाही.

अर्थिंगही रंग खरवडून, घट्ट बोल्टला द्या. गाणं ऐकताना ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी आली तर आधी तिथे बघा, मग यूएसबी चार्जर काढून बघा. मागचा फ्यूज बहुतेक डेकना १० अँपिअरचा असतो, उडाला तर तेवढाच घाला, त्याजागी तार गुंडाळू नका.

फोन जोडताना बहुतेक तक्रारी एकाच जागी अडकतात. गाणी टेपवर, पण कॉल फोनवरच वाजतो. फोनच्या ब्लूटूथ यादीत डेकच्या नावापुढचं चाक उघडा, तिथे ‘फोन कॉल’ आणि ‘मीडिया’ अशी वेगवेगळी बटणं असतात, पहिलं बंद असतं. नावाऐवजी नुसता नंबर दिसत असेल तर संपर्क वाचण्याची परवानगी दिलेली नाही. व्हॉट्सॲपचा कॉल स्वस्त डेकच्या बटणाने उचलला जाईलच असं नाही, म्हणून घेण्याआधी तोही लावून बघा. घाटात, बोगद्यात आवाज तुटला तर डेकला दोष देऊ नका, तिथे रेंजच जाते.

नवरा-बायको दोघं गाडी चालवत असाल तर एकाच वेळी दोन फोन जोडलेले राहतात का ते विचारा. नसेल तर दर वेळी आधीच्या फोनचं ब्लूटूथ बंद करावं लागतं. बिलावर डेकचा मॉडेल नंबर लिहून घ्या, नुसतं ‘कार टेप’ लिहिलेल्या बिलावर वॉरंटी मागता येत नाही. गाडी विकताना डेकच्या मेन्यूतून फोनबुक आणि जोडलेले फोन पुसून टाका, नाहीतर तुमच्या घरच्यांचे नंबर नव्या मालकाच्या स्क्रीनवर राहतील.