आर्मी लिलावातली जिप्सी किंग एमजी ४१३ डब्ल्यू: पावसाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

उन्हाळ्यात लष्कराच्या लिलावातली मारुतीची सॉफ्ट टॉप, म्हणजे कापडी टपाची, जिप्सी घेतली, बेळगावकडं जांबोटीच्या पुढं शेत हाय त्यामुळं अख्खा पावसाळा तिच्यावरच काढला, आता भात कापणीला आलंय तवा निवांत लिहितोय. गाडी मला लई आवडलीय. पण घेणाऱ्यानं नुसती जिप्सी बघायला जाऊ नये, मॉडेलचा आणि इंजिनचा कोड बघायला जावं.

कारण नाव एक आणि गाड्या वेगळ्या. १९८५ ला आली ती एमजी ४१०, ९७० सीसी इंजिन, चार गिअर. १९९३ ला दोन्ही बाजूच्या चाकांमधलं अंतर ९० मिलिमीटर वाढवलं, ती ४१० डब्ल्यू, डब्ल्यू म्हणजे वाइड ट्रॅक. १९९६ ला १२९८ सीसी आणि पाच गिअर घेऊन किंग आली, एमजी ४१३ डब्ल्यू. खरा घोळ पुढं हाय, २००० ला ह्याच किंगला सोळा व्हॉल्व्हचं ८० बीएचपीचं एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल इंजेक्शनचं, इंजिन बसवलं पण ४१३ हे ४१३ च राहिलं, त्यामुळं बॉनेट उघडून इंजिनचा कोडच वाचायचा, जी१३बीए म्हणजे कार्ब्युरेटर, जी१३बीबी म्हणजे एमपीएफआय. माझी बीबी हाय, आणि भर पावसात सकाळी एका चावीला चालू होते.

पार्टचं सांगतो. मागचा एक्सल शाफ्ट बदलायचा होता, एका दुकानदाराला मी ४१३ डब्ल्यू म्हणून स्पष्ट सांगितलं तरी "जिप्सीला एकच येतो ओ" म्हणून त्यानं जुन्या अरुंद ट्रॅकचा दिला. मिस्त्रीनं जुन्या शाफ्टशेजारी ठेवून दाखवला, लांबीलाच कमी! परत घ्यायला केवढी कटकट केली त्यानं. बाकी पट्ट्यांचे, म्हणजे लीफ स्प्रिंगचे, बुश वगैरे असलं काही उद्यमबागेत लेथवर करून मिळतंय, आपल्या बेळगावात ती चिंता नाय.

रोप लावणीच्या टायमाला बांधापर्यंतचा रस्ता नुसता चिखल असतोय, खताची पोती मागं टाकून फोर एल, म्हणजे चारी चाकांची लो रेंज, लावायचं, पहिला गिअर, अ‍ॅक्सिलरेटर हलका ठेवायचा, आणि गाडी गुरगुरत वर निघते, जिथं ट्रॅक्टरशिवाय कोण जात नव्हतं. वजनाला टनाच्या आसपास असल्यामुळं रुतत नाय लवकर. आमचे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतनं ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले, लष्कराची जुनी जीप जोंगा पण चालवलीय त्यांनी, ते म्हणतात जोंगा ताकदीची पण जड, चिखलात ही बरी. लष्करात जिप्सी जीएस ५०० गटातली, म्हणजे ५०० किलो माल, तिच्या जागी घेतलेली टाटाची सफारी स्टॉर्म जीएस ८००. मामा पोती मोजूनच चढवू देतात.

त्रास पण हाय. चारी बाजूला पट्टे, कणकुंबीकडच्या खड्ड्यांत कंबर बोलते. कापडी हूडच्या चेनमधनं पाणी थेट ड्रायव्हरच्या उजव्या गुडघ्यावर, रेनकोट घालूनच चालवायची. एसी नाय, पेट्रोलला लिटरमागं दहा किलोमीटरच्या आसपास, लो मध्ये त्याहून कमी. रोज बेळगावला ये-जा करणाऱ्यानं हिच्या नादाला लागू नये.

आणि चंदगड-गडहिंग्लजकडची एमएच पासिंगची स्वस्त मिळाली म्हणून उडी मारू नका, इकडं कायमची ठेवायची तर एनओसी आणून केएचा, म्हणजे कर्नाटकचा, टॅक्स भरावा लागतोय, तो हिशोब आधीच धरा. लिलावातली असेल तर लिलावाचा कागद आणि चासी नंबर जुळवून घ्या, मगच पैसे द्या.