श्रावणबाळचे दीड हजार टपालाच्या खात्यात: आठ महिन्यांचा अनुभव

माझ्या ७३ वर्षांच्या आत्याला श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेचे दरमहा १,५०० रुपये मिळतात. ती अकोले तालुक्यातील एका वाडीत राहते आणि तिचे जुने खाते ज्या बँकेत होते, तेथे जायला एस.टी.ने दोन तास लागत. हप्ता जमा झाला की नाही हे आधी कळत नसल्यामुळे ती पासबुक घेऊन जाई आणि पुष्कळदा तशीच परत येई. तिकीट अर्धे असले तरी दिवस पूर्णच बुडे.

आठ महिन्यांपूर्वी वाडीवर टपाल घेऊन येणाऱ्या डाक सेवकाने तिचे इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेत खाते उघडून दिले. ही बँक कर्ज देत नाही आणि खात्यात दोन लाखांपेक्षा अधिक शिल्लक ठेवू देत नाही, पण किमान शिल्लकही मागत नाही. आत्याला एवढे पुरते.

अनुदान आता थेट आधार क्रमांकावर निघते आणि एका आधारला एका वेळी एकच बँक जोडलेली असते, ती म्हणजे शेवटी जोडलेली. हे आम्हाला चौथ्या महिन्यात कळले. वाडीत दुसऱ्या एका बँकेचे शिबिर झाले, विम्यासाठी म्हणून आत्याने अंगठा दिला आणि पुढचा हप्ता टपालाच्या खात्यात आलाच नाही. तहसील कार्यालयात पैसे पाठवल्याची नोंद होती. शेवटी आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली आहे ते पाहिले, तेव्हा शिबिरातील बँकेचे नाव दिसले. गंमत अशी, की ते पैसेही डाक सेवकाकडूनच काढता आले, कारण त्याच्या यंत्रावर आधारशी जोडलेल्या इतर बँकांच्या खात्यांतूनही रक्कम मिळते. आधार पुन्हा टपालाच्या खात्याला जोडून घ्यावे लागले, ते वेगळे. घरातील वृद्धांनी कोणत्याही शिबिरात अंगठा देण्यापूर्वी विचारावे, एवढा नियम आम्ही तेव्हापासून पाळतो.

अंगठ्याचे म्हणाल, तर भाताच्या लावणीत आणि दगड रचण्यात आत्याच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. पहिल्या दोन महिन्यांत यंत्राने तिला अनेकदा ओळखले नाही. कोमट पाण्याने हात धुऊन, कोरडे पुसून एकेक बोट लावून पाहिले, तेव्हा उजव्या हाताची अनामिका चालली. आता ती थेट तेच बोट पुढे करते. ऑगस्ट २०२५ पासून चेहऱ्यावरूनही ओळख पटवण्याची सोय या बँकेने सुरू केली आहे, पण आमचे काम अनामिकेवरच भागले.

वाडीत रेंज फक्त मारुतीच्या पारावर मिळते, त्यामुळे घरपोच म्हणजे पारापोच. तेथे चारचौघांत शिल्लक मोठ्याने सांगितली जाई, हे आत्याला मुळीच रुचले नाही. आता डाक सेवक आकडा कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून देतो आणि ती तो कनवटीला खोचते. पूर्वी एवढ्या लांब गेलोच आहोत म्हणून ती सगळी रक्कम काढून आणत असे. गेल्या तीन महिन्यांपासून हजार काढते आणि पाचशे खात्यातच राहू देते.