फ्युएल टेम्परेचर सेन्सर: मल्टीमीटर, स्कॅनर की सरळ नवा सेन्सर?

डिझेल गाडीचा पिवळा इंजिन लाइट लागतो, डिझेलचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा पी-०१८० ते पी-०१८४ यांपैकी एखादा बिघाडाचा कोड निघतो आणि मिस्त्री लगेच म्हणतो, ‘सेन्सर गेला, बदलून टाकू.’ मी बदलून टाकला. पंधरा दिवसांत लाइट परत लागला. कनेक्टरच्या पिनेवर हिरवट गंज चढला होता, सेन्सर बिचारा धडधाकट होता. आपल्या इंदुरात कुणी याच पेचात असेल, तर आधी हे वाचा आणि मग खिशात हात घाला.

सेन्सर म्हणजे दोन तारांचा थर्मिस्टर. डिझेल तापलं की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना दोन ते तीन किलोओम आणि ८० अंशांना तीनशे ओमच्या आसपास असतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा.

थेट बदलण्यात डोक्याला ताप नाही, एवढाच फायदा. तार तुटलेली असेल तर नवा सेन्सरही तोच कोड देणार. शिवाय काही गाड्यांत तो रिटर्न पाइपसकटच (उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणारा पाइप) मिळतो. हा मार्ग मी शेवटी ठेवतो.

मल्टीमीटर काहीशे रुपयांत येतो आणि पी-०१८२, पी-०१८३ या कोडांना तोच पुरतो. पी-०१८३ म्हणजे व्होल्टेज जास्त: बहुधा तार तुटलेली किंवा कनेक्टर सैल. पी-०१८२ म्हणजे व्होल्टेज कमी: कुठेतरी शॉर्ट. कनेक्टर काढा, इग्निशन ऑन करा, हार्नेसच्या, म्हणजे गाडीकडून येणाऱ्या तारांच्या, दोन पिनांत सुमारे ५ व्होल्ट यायला हवेत. आले नाहीत तर सेन्सर विकत घेऊ नका, तारेतला दोष शोधा. आले तर इग्निशन बंद करून सेन्सरचा रेझिस्टन्स थंड इंजिनावर मोजा आणि गाडी फिरवून आणल्यावर पुन्हा मोजा. तो उतरलाच पाहिजे. इंजिन चालू असताना डिझेलच्या जाड पाइपांचे नट मात्र सैल करू नका. कॉमन रेलमधला (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला) दाब हजार बारच्या वर जातो, डिझेलची बारीक धार कातडीत घुसते.

पी-०१८१ आला तर मीटर तोकडा पडतो. तिथे सर्किट शाबूत असतं, पण आकडा पटणारा नसतो. यासाठी लाइव्ह डेटा (सेन्सरांचे त्या क्षणाचे आकडे) दाखवणारा स्कॅनरच हवा, आणि तोही रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर. सकाळी इंजिन चालू न करता कूलंट, आत येणारी हवा आणि डिझेल अशी तिन्ही तापमानं जवळपास सारखी दिसायला हवीत. दोन २४ दाखवतात आणि डिझेल ५० म्हणतं, तर चोर सापडला. पण रामबागेतून देवास नाक्यापर्यंत गाडी चालवत नेली, की ही तुलना हातची गेली. आदल्या संध्याकाळी गाडी गॅरेजमध्ये सोडा, नाहीतर मिस्त्रीला सकाळी घरी बोलवा. स्वस्तातला ब्लूटूथ अडॅप्टर कोड वाचतो, पण डिझेलचं तापमान बहुतेक गाड्यांत दाखवत नाही. त्याच्या भरवशावर राहू नका.

स्कॅनरवर आणखी एक खात्री करता येते. कनेक्टर काढल्यावर आकडा उणे ४० च्या आसपास गेला आणि हार्नेसच्या दोन्ही पिना वायरने जोडल्यावर शंभराच्या वर चढला, तर तारा आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठीक आहेत. मग संशय उरतो तो सेन्सरवरच.

एक प्रकार वेगळा ओळखायला हवा. मे महिन्यात धुळ्याहून येताना सेंधव्याच्या बिजासन घाटात गाडीचा पिकअप मेला, कोड काहीच नव्हता. टाकी रिझर्व्हला आली होती. रेलमधून परतणारं गरम डिझेल टाकीत येतं. टाकी रिकामी असली की ते लवकर तापतं, पातळ होतं, डिझेलवरच चालणारं इंजेक्शन पंपाचं वंगण कमी पडतं. मग इंजिनाच्या रक्षणासाठी ईसीयू ताकद उतरवतो. त्या वेळी सेन्सर खरंच बोलत होता. टाकी भरल्यावर आणि अर्धा तास सावलीत थांबल्यावर गाडी पूर्ववत झाली. असं काही झालं तर ना मीटर घ्या ना नवा सेन्सर, आधी पेट्रोल पंपावर जा.

सेन्सरच दोषी ठरला, तर तो सुटा मिळतो की पाइपसकट, हे भाव विचारण्याआधी विचारा. बसवल्यावर कोड पुसून घ्या आणि दुसऱ्या सकाळी थंड इंजिनावर तीच तीन तापमानं पुन्हा बघा.