खलनायकाशी लढत आणि दैवी संरक्षण : ‘एल्डन रिंग’ की ‘बाल्डर्स गेट ३’?

‘एल्डन रिंग’ (२०२२) आणि ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) यांपैकी एकच गेम हाती घ्यायचा असेल, तर लढाईच्या तंत्राआधी एक गोष्ट ठरवावी : दैवी संरक्षण कोणाच्या पाठीशी उभे असलेले आपल्याला पाहायचे आहे? माझ्या मते दोन्ही कथांचा गाभा तिथेच आहे. तो सांगताना काही महत्त्वाची वळणे उघड करावी लागत आहेत.

‘बाल्डर्स गेट ३’मध्ये हे संरक्षण खलनायकाला लाभलेले असते. सेनापती केथरिक थॉर्म हा मृत्युदेव मर्कुलने निवडलेला माणूस. मूनराइज टॉवर्समध्ये तो प्रथम दिसतो तेव्हा शस्त्र त्याच्या अंगात रुतते आणि तो ते शांतपणे उपटून काढतो. अमरत्वाचा वर मिळालेल्या असुरासारखेच त्याच्याही वराचे मर्म शोधावे लागते. चंद्रदेवी सेलूनेची कन्या डेम आयलिन हिला बंदिवासात ठेवून तिच्याकडून हे अमरत्व ओढून घेतलेले आहे. तिला मारायचे की सोडायचे, हा प्रश्न आपल्याबरोबरच्या शॅडोहार्टसमोर उभा राहतो, आणि ती तर सेलूनेच्या वैरिणीची, शार देवीची, उपासक. आपण तिचा पुरेसा विश्वास मिळवलेला असेल, तर निर्णय तिच्यावर सोपवून गप्प राहता येते. मला संपूर्ण खेळातला सर्वांत उत्कट क्षण हाच वाटतो. केथरिकचे अमरत्व दोन्ही वाटांनी संपते, मात्र मुक्त झालेली आयलिन मनोऱ्याच्या माथ्यावर पंख पसरून आपल्या बाजूने लढते. पुढे ओरिन आणि गॉर्टाश या उरलेल्या दोन खलनायकांशी होणाऱ्या लढतींत देव आणि खलनायकाचे हे नाते इतके ताणले जात नाही. खेळाडूच्या वाट्याला येणारी कृपाही मोजकीच आहे : क्लेरिकला, म्हणजे देवाच्या शक्तीने लढणाऱ्या पुजारी-पात्राला, दहाव्या पातळीवर मिळणारा ‘डिव्हाइन इंटरव्हेन्शन’ (दैवी हस्तक्षेप) संपूर्ण खेळात एकदाच वापरता येतो.

‘एल्डन रिंग’मधील कृपा वाट दाखवते, पण वार झेलत नाही. विसाव्याच्या जागेतून निघणारा सोनेरी किरण पुढची दिशा सांगतो, आणि सुरुवातीच्याच मोकळ्या मैदानात सोनेरी चिलखतातला घोडेस्वार आपल्याला दोन घावांत संपवू शकतो. हीच कृपा आपल्याला राजधानी लेंडेलपर्यंत नेते. तिथे राजधानीचा राखणदार मॉर्गॉट याला हरवल्यावर महावृक्षाचे दार मात्र अभेद्य काट्यांनी अडवलेले आढळते, आणि आत जाण्यासाठी तो पवित्र वृक्षच जाळावा लागतो. ज्याच्या प्रकाशात चालत आलो त्यालाच आग लावण्याची ही वेळ फारशा संवादाविना मनात रुतून बसते. खलनायकांशी होणाऱ्या लढती तर इथे निःसंशय सरस आहेत. मलेनिया या तलवारबाज शत्रूचा प्रत्येक लागलेला वार, अगदी ढालीवर झेललेलासुद्धा, तिचीच जखम भरून काढतो. त्यामुळे ढालीमागे दबून राहण्याची सवय मोडावीच लागते.

‘एल्डन रिंग’मध्ये काठिण्यपातळी निवडता येत नाही आणि बरीचशी कथा वस्तूंच्या वर्णनांतून जुळवावी लागते. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये लढाई पाळीपाळीने होते आणि काठिण्य कमी करता येते, मात्र संवाद पुष्कळ आहेत आणि ते मन लावून ऐकावे लागतात. देव, उपासक आणि खलनायक यांचे नाते आपल्या निर्णयाने बदलावे असे वाटणाऱ्याने ‘बाल्डर्स गेट ३’ घ्यावा. एकाच शत्रूसमोर तीस वेळा पडूनही एकतिसाव्यांदा उभे राहण्यात ज्याला गोडी आहे, त्याने ‘एल्डन रिंग’ घ्यावा.