डॅन्यूबकाठचा सायकल रूट, पासाऊ ते व्हिएन्ना: भारी आहे, पण काठ बघून निवडा

जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाने जाणारा हा रूट मी आणि माझ्या आतेभावाने सायकलवर सहा दिवसांत केला, सव्वातीनशे किमीच्या आसपास पडतं. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा जो युरोव्हेलो ६ नावाचा लांबलचक सायकलमार्ग आहे ना, त्याचाच हा तुकडा. आधीच सांगतो, घाट चढायची खाज असेल तर इकडे येऊ नका. नदीसोबत खाली खाली जायचं असतं पण अख्ख्या रूटचा उतार मिळून दीडशे मीटरच्या आतबाहेर, पायाला कळत पण नाही. पहिल्याच दिवशी सत्तरीच्या आजीबाई बॅटरीच्या सायकलवरून बेल वाजवत आम्हाला मागे टाकून गेल्या, तेव्हा स्पीडचा विषय तिथेच संपला.

खरी गंमत म्हणजे रस्ता दोन्ही काठांनी आहे आणि कुठला काठ कधी धरायचा यावर तुमची ट्रिप ठरते. आम्ही नीट न बघता डावा काठ धरला आणि श्लोगेनजवळ, जिथे नदी अख्खी वळून उलटी फिरते, तिथे पुढे रस्ताच नाही! मग कळलं की तेवढ्या पट्ट्यात एक छोटी फेरीबोट सायकलवाल्यांना नदीतूनच पुढे नेऊन सोडते. चुकलो म्हणून बरं झालं, कारण ते वळण पाण्यातून बघायला मिळालं. वर जंगलातून चढून गेलं की पूर्ण वळण एका नजरेत दिसतं, चालत जावं लागतं, कंटाळा करू नका.

लिन्झ शहराच्या पुढचा भाग मला ठीकठाकच वाटला, सरळसोट बांध, बाजूला शेतं, बस्स. धरणं पण बरीच आहेत त्यामुळे नदी कितीतरी ठिकाणी तळ्यासारखी गप्प पडलेली असते. माउटहाउझनला मात्र थांबा. नाझी छळछावणीचं स्मारक टेकडीवर आहे, चढ खडा आहे, आणि खाणीतल्या १८६ पायऱ्या, ज्यावरून कैद्यांना दगड वाहायला लावायचे, त्या बघून आल्यावर आम्ही दोघं पुढचे दोन तास काही बोललोच नाही.

सायकल भाड्याची होती, दुकानाचं नाव लिहीत नाही, सायकल तशी चांगली पण सीटचा क्लॅम्प ढिला, दर दहा किमीला सीट हळूहळू खाली बसायची आणि माझे गुडघे हँडलपर्यंत यायचे. त्यात रविवार, सगळी दुकानं बंद (ऑस्ट्रियात रविवारी किराणा पण मिळत नाही, शनिवारीच भरून ठेवा). शेवटी एका गावात ट्रॅक्टर धूत असलेल्या काकांना खाणाखुणा करून पाना मागितला, त्यांनी पाना दिला नाही, स्वतःच येऊन बोल्ट आवळला आणि वर सीटवर दोन थापा मारून दाखवल्या.

आता वाखाऊ, म्हणजे मेल्क ते क्रेम्स, जेमतेम ३५-४० किमी, पण अख्ख्या रूटचे पैसे इथेच वसूल. मेल्कचा तो पिवळाधमक मठ मागे पडला की दोन्ही बाजूंना दगडी बांधावरचे द्राक्षमळे आणि जर्दाळूच्या बागा सुरू होतात. इथे धरण नाही म्हणून पाणी पळताना दिसतं. स्पिट्झ गावची फेरीबोट तर बघाच, इंजिनच नाही! नदीवर आडवी केबल टाकलीय, बोट तिला अडकवलेली, नावाडी बोट जरा तिरपी करतो आणि वाहतं पाणीच तिला पलीकडे ढकलत नेतं. आवाज फक्त पाण्याचा आणि वर केबलवर कप्पी फिरल्याचा. काम काही नसताना आम्ही दोनदा आलोगेलो. ड्युर्नश्टाइनला ११९२ मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड राजाला कोंडलं होतं तो किल्ला वर पडक्या अवस्थेत दिसतो, पण गावात गर्दी फार, सकाळी लवकर गाठा.

वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा, म्हणून सगळे पासाऊकडून येतात. आम्हाला टुल्नच्या आधी नेमका उलटा मिळाला, नशीब आपलं. काठावर नदीच्या किलोमीटरचे बोर्ड असतात, पण आकडे मुखापासून मोजलेले, त्यामुळे पासाऊला २२२५ च्या आसपास आणि व्हिएन्नाला १९३० च्या, दिवसभर आकडा कमी होताना बघायचा नादच लागतो. परतीला लांबच्या ट्रेनमध्ये सायकलचं वेगळं रिझर्वेशन लागतं, ते आधीच करून ठेवा.

पाचपैकी साडेचार, अर्धा त्या सीटपायी कापला.

आणि हो, वाखाऊत विलेनडॉर्फ नावाचं एक गाव लागतं, पाऊस आला म्हणून आम्ही तिथे आडोशाला उभं राहून केळी खाल्ली आणि निघालो. दोन दिवसांनी व्हिएन्नाच्या म्युझियममध्ये काचेमागे ११ सेंटीमीटरची एक अश्मयुगातली बाईची मूर्ती, खाली लिहिलेलं विलेनडॉर्फ, १९०८, म्हणजे ती तिथेच त्या साली सापडलेली. भाऊ म्हणाला, अरे हे तर आपलं केळीवालं गाव.