आधी दवाखाना की आधी अक्कलकोट?

वडील गेले आणि आईची झोप उडाली. पहाटे तीनला उठून ती देव्हाऱ्यासमोर बसायची. पोथी उघडी असायची, पण पान उलटायचं नाही. मावशी म्हणाली, "अकरा गुरुवार अक्कलकोटला ने." मित्र म्हणाला, "मानसोपचारतज्ज्ञाला दाखव." आम्ही शेवटी दोन्ही केलं, पण उलट्या क्रमानं, आधी अक्कलकोट आणि मग दवाखाना, आणि त्यात दोन महिने गेले. तुमच्या घरात आज हाच प्रश्न असेल तर हे वाचा.

दवाखान्याचं आधी सांगतो, कारण भीती त्याचीच जास्त. सोलापुरात सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, खाजगी डॉक्टरही आहेत. डॉक्टरांनी आईला आधी झोपेचं विचारलं, मग जेवणाचं, मग सरळ विचारलं, "जगणं नकोसं वाटतं का?" आई म्हणाली, "वाटतं की कधीकधी." मी शेजारीच बसलो होतो. दोन महिने एका घरात राहून हा प्रश्न आमच्यापैकी कुणीच तिला विचारला नव्हता. थायरॉइड आणि बी-12 च्या तपासण्याही सांगितल्या, कारण त्यांच्या कमतरतेनंही माणूस असाच खचतो.

नैराश्याच्या गोळीचा गुण यायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी होऊ शकते, आणि "गोळी मानवत नाही" म्हणून लोक नेमकं तेव्हाच सोडतात. सवय लागते म्हणतात, ते झोपेच्या काही गोळ्यांबाबत खरं आहे. नैराश्याच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, मात्र त्या एकदम बंद करायच्या नसतात, डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करायच्या. समुपदेशन आठवड्यातून एकदा, बरेचदा 12 ते 16 बैठका. विचार बदलण्याची ही रीत खरंच उपयोगी आहे, पण चिकाटी लागते.

दवाखान्याची उणीव एकच, पण मोठी. गर्दीच्या ओपीडीत चाळीस वर्षांच्या संसाराचं दुःख सांगून होत नाही.

ते काम गल्लीतल्या भजनी मंडळानं केलं. बायका संध्याकाळी हाक मारायच्या, "चला की ओ वहिनी." नाही म्हणायची सोयच नव्हती. ठरलेली वेळ, चार माणसांत बसणं, गळा मोकळा होणं. कुणी तिला "रडू नका" म्हणालं नाही. अक्कलकोट सोलापूरहून चाळीसेक किलोमीटर. परतीच्या एसटीत आई वडिलांविषयी पहिल्यांदा बोलली. हे कुठल्याही गोळीनं झालं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

नामस्मरणाला शरीराच्या बाजूनंही थोडा आधार आहे. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. माळेची प्रार्थना किंवा मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला साधारण 6 वर येतो आणि हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारते, असं त्यात दिसलं. पण तो 23 निरोगी माणसांवरचा अभ्यास होता. जपानं मन निवतं एवढं म्हणा, नैराश्य बरं होतं असं त्यावरून म्हणू नका.

आता ही वाट कुठं घातक होते ते. ओळखीच्या एका भक्तानं आईला सांगितलं, "श्रद्धा कमी पडतीय, म्हणून गोळ्या लागतात." तिनं आम्हाला न सांगता गोळ्या सोडल्या. आठव्या दिवशी चक्कर, आणि पुन्हा पहाटेचे तीन. त्याहून वाईट तिला वाटलेली शरम. गोळ्या सोडायला सांगणाऱ्याच्या पायरीवर पुन्हा जाऊ नका, तो कितीही मोठा असो. 6 ऑगस्ट 2001 ला तमिळनाडूत एरवाडी इथं दर्ग्याजवळ साखळीनं बांधून ठेवलेले 28 मनोरुग्ण आगीत गेले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळदंडाला बंदी आहे. माणसाला बांधताना, मारताना दिसलं तर तिथून तसंच परत फिरा.

ठरवायचं कसं? झोप, भूक, काम दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं असेल तर आधी दवाखाना. मरणाचे विचार असतील, किंवा नसलेले आवाज ऐकू येत असतील, तर त्याच दिवशी. अशा अवस्थेत विपश्यनेच्या दहा दिवसांच्या मौनालाही पाठवू नका. पण माणूस रडतोय, आठवणी काढतोय आणि तरी दोन घास खातोय, दारात आलेल्याशी बोलतोय, तर ते दुःख आहे, आजार नाही. त्याला सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी घेऊन बसा, भजनाला न्या, घाई करू नका. सहा महिने उलटूनही जराही सैल पडलं नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

पैशांचं म्हणाल तर सरकारी दवाखाना आणि देवस्थान, दोन्ही परवडतात. खाजगी समुपदेशन महाग पडतं, फी आधी विचारून घ्या.

आईच्या देव्हाऱ्यात आता अंगाऱ्याच्या डबीखालीच गोळ्यांचं पाकीट असतं. डॉक्टरांना तिनं ते स्वतः सांगितलं. तुम्हीही उपवास, काढे, जप, सगळं डॉक्टरांना सांगा. उपाशीपोटी कुठली गोळी चालते हे त्यांनाच ठाऊक. आणि रात्री-अपरात्री कुणाला विचारावं कळेना तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फिरवा. चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.