‘ड्रॅगन हाइस्ट’ वॉटरडीपमधून शार्नमध्ये नेताना

विझार्ड्स ऑफ द कोस्टने 2018 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर पात्रे घेऊन खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी काढलेले ‘वॉटरडीप: ड्रॅगन हाइस्ट’ हे 224 पानांचे कॅम्पेन, म्हणजे सलग खेळायचे कथानक, पात्रांना पहिल्या लेव्हलपासून पाचव्या लेव्हलपर्यंत नेते आणि जवळजवळ सगळा वेळ एकाच शहरात घालवते. शहराच्या माजी प्रमुखाने सरकारी तिजोरीतून हडपलेली पाच लाख सुवर्णनाणी कुठेतरी दडवलेली आहेत आणि चार बलाढ्य खलनायक त्यांच्या मागावर आहेत, एवढीच मूळ कल्पना. हे परीक्षण पुस्तक आहे तसे चालवणाऱ्यांसाठी नाही. ते वॉटरडीपमधून उचलून एबेरॉन जगातल्या शार्न या मनोऱ्यांच्या शहरात नेण्याचा विचार करणाऱ्या डंजन मास्टरसाठी, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठी, आहे. पुढे कथानकातली बहुतेक रहस्ये उघड होणार असल्यामुळे ज्यांना खेळाडू म्हणून बसायचे आहे त्यांनी इथेच थांबणे बरे.

शहर बदलायचे म्हटले की पहिला हात नावांच्या यादीकडे जातो. या गुन्हेगारी टोळीच्या जागी ती टोळी, या सरदाराच्या जागी तो सरदार, अशी कोष्टके एका संध्याकाळी तयार होतात आणि त्यांत फारसे चुकतही नाही. झेंटारिम आणि झानाथार गिल्ड यांच्यातल्या रस्त्यावरच्या वैराला शार्नमध्ये बोरोमार क्लॅन आणि डास्क यांचे वैर इतके चपखल बसते की पहिले प्रकरण, म्हणजे चुकीच्या माणसाचे अपहरण आणि त्याची सुटका, जवळजवळ जसेच्या तसे चालते. अडचण नावांची नाहीच. या पुस्तकाचे खरे वजन वॉटरडीपच्या कायद्यावर तोललेले आहे, आणि तो कायदा शार्नमध्ये बरोबर येत नाही.

हे जरा सविस्तर पाहायला हवे. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलच्या पात्रांसमोर पुस्तक एक बिहोल्डर (अनेक डोळ्यांचा राक्षस), एक आर्चमेज (महामांत्रिक), एक भाडोत्री ड्राउ (काळा एल्फ) सेनानी आणि सैतानाशी करार केलेले एक खानदानी दांपत्य उभे करते. यांपैकी कोणीही मनात आणले तर पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट, एका फेरीत संपेल. तसे होत नाही याचे एकमेव पटणारे कारण असे की वॉटरडीपमध्ये सिटी वॉचचा धाक खरा आहे. उघड्यावर खून पडला किंवा घातक मंत्र सुटला तर बड्यांनाही उत्तर द्यावे लागते, त्यामुळे खलनायक हस्तकांकरवी, आडून काम करतात. पुस्तकात शिक्षांसह छापलेली कायदेसंहिता केवळ शोभेची नाही, खेळाडूंना आणि खलनायकांना एकाच वेळी आवर घालणारा लगाम तोच आहे. शार्न वॉच मात्र लाचखोरीसाठी प्रसिद्ध. तिथे श्रीमंत खलनायकाला लपण्याचे कारणच उरत नाही, आणि खेळाडूंच्याही ते दोन भेटींत लक्षात येते.

म्हणून दडपण दुसरीकडून आणावे लागते, आणि शार्नमध्ये तशा जागा आहेत. वॉचमधले जादूच्या गुन्ह्यांचा तपास करणारे ब्लॅकन्ड बुक हे पथक तुलनेने गंभीरपणे वापरता येते. त्याहून प्रभावी ठरतात ती ड्रॅगनमार्क, म्हणजे अंगावर वंशपरंपरेने येणारी जादूची खूण, असलेली आणि एकेक धंदा हाती ठेवणारी घराणी. ज्या गोष्टीमुळे एखाद्या घराण्याच्या धंद्याला बट्टा लागेल ती गोष्ट लाच देऊन मिटत नाही, हा नियम टेबलावर एकदा पक्का केला की खलनायक पुन्हा सावध वागू लागतात. वर्तमानपत्राचाही उपयोग होतो. ‘शार्न इन्क्विझिटिव्ह’मध्ये नाव छापून येण्याची भीती पुस्तकातल्या फटक्यांच्या शिक्षेपेक्षा प्रतिष्ठितांना जास्त झोंबते.

खजिन्याचा उगम मात्र शार्नमध्ये मूळ पुस्तकापेक्षा सरस होतो. वॉटरडीपमध्ये माजी प्रमुख लॉर्ड नेव्हरएम्बरने पैसे हडपले हे सांगितले जाते, पण इतकी मोठी रक्कम कोणाच्या नजरेत कशी आली नाही हे फारसे पटत नाही. एबेरॉनमध्ये शंभर वर्षांहून अधिक चाललेले शेवटचे युद्ध नुकतेच, म्हणजे त्या जगाच्या कालगणनेत 996 मध्ये, थ्रोनहोल्डच्या तहाने संपलेले आहे आणि कथेचे वर्तमान 998 आहे. युद्धखर्चाच्या नावाखाली वळवलेला पैसा, हिशेब तपासायला कोणाला सवड नसलेली वर्षे आणि कुंडाराक घराण्याच्या बुटक्या सावकारांच्या तिजोऱ्या एवढे हाताशी असताना वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. एक व्यावहारिक सूचना: वॉटरडीपमध्ये सोन्याच्या नाण्याला ‘ड्रॅगन’ म्हणतात, तर शार्न ज्या खंडात आहे त्या खोर्वेअरमध्ये हेच नाव प्लॅटिनमच्या नाण्याचे आहे. जुन्या हस्तलिखितातला आकडा नाव न बदलता वाचून दाखवला, तर खजिना आपोआप दसपट होतो.

तिसरे प्रकरण हा या पुस्तकातला सर्वांत सुंदर भाग, आणि शहर बदलण्याची खरी परीक्षाही तिथेच होते. पात्रांच्या दाराशी अग्निगोळा फुटतो, रस्त्यावर प्रेते पडतात, आणि धागे जुळवत जाता कळते की हे काम निंबलराइट या यांत्रिक पुतळ्याचे आहे. वॉटरडीपमध्ये असा पुतळा दुर्मीळ. म्हणूनच गॉन्ड या कारागिरीच्या देवाच्या मंदिरातून त्याचा माग काढणारे यंत्र मिळते आणि ते थेट एका हवेलीपर्यंत नेते. शार्नमध्ये वॉरफोर्ज्ड, म्हणजे युद्धासाठी घडवलेले सजीव यांत्रिक सैनिक, चौकाचौकात ओझी वाहत असतात. तिथे ते यंत्र अखंड वाजत राहील, आणि साक्षीदाराने “पळून जाणारा धातूचा होता” असे सांगितले तर संशयितांची यादी काही हजारांची होईल. इथे सरळ अदलाबदल केली की प्रकरण कोसळते. उपाय तहाच्या अटींतच आहे. थ्रोनहोल्डच्या तहाने वॉरफोर्ज्डना स्वातंत्र्य दिले, पण नवे घडवण्यास बंदी घातली. घटनास्थळी सापडलेला सुटा भाग तहानंतर घडवलेला निघाला, तर शोध कोणी पाहिले यावरून कोणी घडवले यावर सरकतो, वाट वॉरफोर्ज्ड घडवणाऱ्या कॅनिथ घराण्याच्या बंद दारापाशी जाते, आणि हवेलीच्या मालकांकडे तोंड बंद ठेवण्याचे असे कारण येते जे मूळ पुस्तकात त्यांच्याकडे नव्हते. एवढा एक बदल केला तरी हे प्रकरण छापील रूपापेक्षा घट्ट होते.

चार खलनायकांपैकी कॅसलँटर दांपत्य सहज बसते. संपत्तीसाठी स्वतःच्या मुलांचे आत्मे गहाण टाकणारे हे आईबाप ऑरम या धनिकांच्या गुप्त मंडळात शोभून दिसतात, फक्त अस्मोडियस या सैतानाच्या जागी एबेरॉनमधली एखादी पाताळशक्ती आणावी लागते. ड्राउ सेनानी जारलाक्सलचे जहाजांवरचे जत्रेचे सोंग फियार्लन घराण्याकडे द्यावे, कारण करमणूक आणि हेरगिरी हा त्यांचा उघड आणि छुपा धंदा आहेच. बिहोल्डर झानाथारला शार्नच्या तळाशी असलेल्या कॉग्जच्या खोल गर्तेत ठेवावे, आणि त्याचा लाडका मासा बदलू नये. तो कोणत्याही जगात चालतो. आर्चमेज मानशून मात्र नेटाने नाकारावा. इतक्या वरच्या पातळीचे मांत्रिक एबेरॉनमध्ये फारच विरळ असतात, आणि क्लोनची त्याची भानगड तिथे उपरी वाटते.

चौथ्या प्रकरणाविषयी चांगले लिहिणे कठीण आहे. निवडलेल्या खलनायकानुसार ऋतू ठरतो आणि त्यानुसार तीच ठिकाणे वेगळ्या क्रमाने येतात. खजिन्याचा ठावठिकाणा सांगणारा गोलोरचा दगड हाती येता येता निसटतो, पुन्हा पाठलाग, पुन्हा निसटणे. खेळाडूंनी काहीही ठरवले तरी साखळीची पुढची कडी तीच राहते. शिवाय चारांपैकी एकच खलनायक वापरायचा असल्यामुळे उरलेल्या तिघांचे उत्तम नकाशांसह दिलेले अड्डे पडून राहतात, आणि नावात दरोडा असलेल्या पुस्तकात दरोडा घालण्याची वेळ येतच नाही, ही तक्रार रास्त आहे. शार्नला आल्यावर ऋतूंचा आधारही सुटतो, कारण ते शहर बाराही महिने दमट, उष्ण आणि पावसाळी असते. हे नुकसान नव्हे, सुटका आहे. ऋतू काढून टाका, चारही अड्डे मैदानात आणा, तळघरातल्या तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्यात वाटून द्या; मग खेळाडूंना निदान एका ठिकाणी तरी खराखुरा दरोडा आखावाच लागतो.

पाठलागांचे नियम मात्र पुन्हा लिहावे लागतात. वॉटरडीपच्या छपरावरून पाय घसरला तर चार फासे टाकून दुखापत मोजता येते; मैलभर उंचीच्या मनोऱ्यावरून पडणाऱ्याचा हिशेब तिथेच संपतो. पार्टीला सुरुवातीलाच फेदर फॉलची, म्हणजे पडणाऱ्याला हळुवार उतरवणाऱ्या मंत्राची, टोकन द्यावीत आणि ती मोजकीच ठेवावीत. कोणाचे टोकन संपले आहे हे सर्वांना माहीत असताना दोन मनोऱ्यांमधल्या पुलावर झालेली झटापट छापील प्रसंगापेक्षा किती तरी रंगते.

ट्रोलस्कल मॅनर या पडक्या खानावळीचे दुसरे प्रकरण हात न लावताही चालते. वेगवेगळ्या गिल्डना भरायच्या शुल्कांऐवजी खानावळींचा धंदा हाती असलेल्या गालांडा घराण्याचा परवाना ठेवला की झाले. नववे प्रकरण, म्हणजे शहराची छापील मार्गदर्शिका, पूर्ण निरुपयोगी होते आणि तिच्याऐवजी 2019 चे ‘एबेरॉन: रायझिंग फ्रॉम द लास्ट वॉर’ जवळ असावेच लागते. म्हणजे खर्च दोन पुस्तकांचा, हे आधीच धरून चालावे.

तिजोरीतला ड्रॅगन शेवटी राहतो. वॉटरडीपमध्ये ड्रॅगनना शहराबाहेर ठेवणारे जुने मंत्रकवच आहे, म्हणून आत बसलेला सोनेरी ऑरिनॅक्स हा धक्का असतो. शार्नला तसे कवच नाही, आणि एबेरॉनमध्ये रंगावरून ड्रॅगनचा स्वभावही ठरत नाही. तो चेंबर या ड्रॅगनांच्या गुप्त संघटनेचा सभासद आहे आणि त्याला सोन्यापेक्षा ड्रॅगनांच्या भविष्यवाणीत रस आहे असे धरले, तर त्याच्याशी होणारी बोलणी पुस्तकातल्यापेक्षा अवघड आणि जास्त खरी होतात. पाचव्या लेव्हलनंतर पुढे काय, याची तजवीज मात्र स्वतःच करावी लागेल. ‘डंजन ऑफ द मॅड मेज’ हा पुढचा भाग वॉटरडीपच्या पोटातल्या अंडरमाउंटन या भुयारांच्या जाळ्याला इतका जखडलेला आहे की तो शार्नखाली सरकवण्यापेक्षा तिथल्या गॉब्लिनकालीन अवशेषांवर नवे काही रचणे कमी कष्टाचे आहे.